अच्युतभाऊ टीव्हीत वारले

…आता मले सांगा, जिवंत माणसाच्या घरी कोणी असा डबा घेऊन जाते का हो? म्हणजे जाते, जात नाई असं नाई, शेजारी आहे, एकटा माणूस आहे, भाजी जास्त झाली, दिली वाटीभर... पण शोभाबाईनं त्या मंगळवारी सकाळी जो डबा नेला ना, तो तसला डबा नव्हता! झुणका, भाकरी अन् वरण, तेही फोडणी न देता! दारातच ठेवला, आत पाय नाई टाकला, पदर डोळ्याले लावला अन् म्हणे, "अच्युतभाऊ, आज चूल नका पेटवू. दोन घास खाऊन घेजा." आता ज्या घरचं माणूस जाते त्या घरी चूल पेटवत नाईत, शेजारचे डबा नेतात, हे तुम्हाले माहीत, मले माहीत. पण इथे गेलं कोण होतं? अच्युतभाऊ! अन् डबा दिला कोणाच्या हातात? अच्युतभाऊच्या! अहो, माणूस समोर उभा आहे ना बाप्पा! बनियनवर उभा आहे, अर्ध्या गालाले साबण लावून उभा आहे, अन् ही बाई त्याच्याच नावानं रडून राह्यली!

अन् त्यानं काय करावं? त्यानं डबा घेतला अन् म्हणे, "बरं."

असा माणूस! तुम्हाले सांगतो, हा "बरं" माझ्या डोक्यात जाते. मी प्रभाकर, त्याच्या बाजूले राहतो पवनारले, मधात एक भिंत अन् एक सीताफळाचं झाड. तीस वर्षं झाले, मी भिंतीपलीकडून हा "बरं" ऐकून राह्यलो. थांबा, असं नाई समजणार. सुरुवातीपासून सांगतो.

अच्युत एकवीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. वडील वर्ध्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. एका लग्नाले चालले होते गाडीवर, मागे आई बसली होती, नागपूर रोडवर ट्रकनं... दोघंही गेले. एकाच दुपारी. घरी तीन लेकरं. अच्युत एकवीस, मधली वेदश्री तेरा, लहाना ऋग्वेद सहा. नावं पाहा कशी ठेवली होती बापानं! केवढी हौस! अन् हौस करणारा माणूस चादरीत गुंडाळून घरी आला. तेराव्याले नातेवाईक बसले. काका म्हणे, पोरगी मी नेतो. मामा म्हणे, लहाना माझ्याकडे राहीन. अन् हा अच्युत, तोंडाले फक्त मिशीची रेघ होती तेव्हा, कोपऱ्यातून म्हणे, "कोणी कुठे जाणार नाई. तिघंही इथेच राहू." काका भडकले, "अरे तुले भात तरी शिजवता येते का?" "नाई येत," म्हणे. "शिकतो."

अन् शिकला हो! अनुकंपावर बापाच्या जागी लागला, बापाचाच खाकी कोट घातला, कोपरापाशी ॲसिडचं भोक असलेला. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या, संध्याकाळी भात शिजवायचा. वेदूची वेणी घालता येईना, तं माझ्या घरच्या मंडळीकडून शिकला. कसा? खिडकीच्या गजाले सुतळीचे तीन पेड बांधून! मी भिंतीवरून पाहत राहो, हा जवान पोरगा खिडकीची वेणी घालून राह्यला, सोडून राह्यला, पुन्हा घालून राह्यला... हसू यावं का रडू यावं, सांगा.

आता लीना मॅडम. समुद्रपूरची पोरगी, अच्युतच्या शाळेत विज्ञान शिकवायले लागली. अच्युत सत्तावीसचा, ती चोवीसची. अन् तुम्हाले सांगतो, त्या शाळेत कोणाचाच प्रयोग कधी यशस्वी होत नव्हता, बल्ब पेटत नव्हता, पण लीना मॅडमच्या तासाले सगळं पेटत होतं! हा तासाच्या आधी जाऊन एकेक तार स्वतः तपासत होता ना! दोघं बोलले काय, भेटले कुठे, मले माहीत नाई, गावात कोणालेच माहीत नव्हतं. इतकं कळलं, अन् तेही आत्ता आत्ता कळलं, की मॅडमनंच विचारलं होतं. हा काय विचारते! याले तं उकळलेलं पाणीही मॅडमच्या परवानगीनं उतरवायचं होतं. अन् यानं उत्तर दिलं, "वेदूचं लग्न होऊ द्या." बरं, थांबली बिचारी. एक वर्ष... दोन वर्षं...

मंग एका एप्रिलच्या दुपारी ती पवनारले आली, याच्या घरी. वर्ध्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाई. अच्युत ओसरीवर बसून वर्षाचा गहू निवडून राह्यला होता. बाजूले चौदा वर्षांचा ऋग्वेद गणित सोडवत बसला होता. ती उन्हातच उभी राह्यली अन् म्हणे, "घरी माझं ठरवून राह्यले. चंद्रपूरचा मुलगा आहे. आज काय ते सांगा." यानं मान वर केली नाई. सूप हलवलं, खडा काढला, बाजूले ठेवला. सूप हलवलं, खडा काढला, बाजूले ठेवला. ती पाच मिनिटं उभी होती म्हणतात. पाच मिनिटं उन्हात उभं राहून पाहा तुम्ही! मंग ऋग्वेदनं पाणी दिलं, ते प्याली, पेला ओसरीवर ठेवला अन् गेली.

झालं. लग्न झालं तिचं चंद्रपूरले. ते काही टिकलं नाई, दोन वर्षांत परत आली, समुद्रपूरच्या शाळेत लागली. याले कोणीतरी सांगितलं. "बरं," म्हणे. अन् नळ्या धुवायले गेला.

तोवर वेदूचं लग्न झालं, पिपरी मेघेले दिली. पिपरी म्हणजे काय, इथून अर्ध्या तासाचा रस्ता! पण राखीले येईन, दिवाळीले येईन, दोन तास बसीन, "दादा तू किती बारीक झाला रे" म्हणीन, अन् जाईन. ऋग्वेद मुंबईले गेला लिहायले. घरात राह्यला कोण? एक अच्युत, एक घड्याळ. मी भिंतीवरून विचारो, "काय केलं आज जेवायले?" "खिचडी." दुसऱ्या दिवशी विचारो. "खिचडी." असे दहा-पंधरा वर्षं गेले हो! काही म्हणता काही नाई झालं त्या घरात. सीताफळाले बार आला, गेला, एवढंच.

अन् मंग आली ती सिरीयल! नाव नाई सांगत, मुंबईवाले माझ्यावर केस करतील. ऋग्वेदनं लिह्यली. काय लिह्यलं? मायबाप गेलेली भावंडं, अन् त्याइले सांभाळणारा मोठा भाऊ! घरात होते तिघं, टीव्हीत झाले चार. मी ऋग्वेदले विचारलं, चौथा कुठून आणला? म्हणे, "काका, चॅनलले चार पाह्यजे." मोठ्या भावाचं नाव अनंत. अन् तो अनंत कसा! घरातही इस्त्रीचा कुर्ता, गालाले खळी, डोक्यावर केस इतके की आमच्या अख्ख्या गल्लीत तेवढे नाईत! आमच्या अच्युतच्या डोक्यावर मोजून तीन रेषा. पण खिडकीच्या गजाले सुतळी बांधून वेणी घातली ना त्या अनंतनं पहिल्याच आठवड्यात! अख्खं पवनार उठून बसलं! "अरे, हा तं आपला अच्युतभाऊ!"

मंग काय विचारता. रोज संध्याकाळी साडेसातले अच्युतच्या घरी वीस-वीस माणसं! त्याच्याच घरी पाह्यजे, कारण 'खरं घर' ते! शोभाबाई पुढे, गल्लीतले रूपराव खुर्चीवर, पोरंसोरं ओसरीपर्यंत. अच्युत चहा करून राह्यला, सतरंजी टाकून राह्यला. त्याले बरं वाटत होतं, हे मी पाह्यलं. घरात चपलांचा ढीग पाहून हा माणूस त्या चपला नीट लावत बसे, जोडीजोडीनं! पण एक सांगतो. अनंत एकटा जेवते म्हणून टीव्हीत दाखवलं, तं शोभाबाई ढसाढसा रडली, "काय बाई एकटेपण त्याच्या नशिबी!" अन् सिरीयल संपली की सगळे उठून आपापल्या घरी! अच्युत रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभा. अहो, माणूस समोर उभा आहे ना बाप्पा! तोही एकटाच जेवणार आहे! पण ते कोणाले दिसते? खळी नाई ना त्याच्या गालाले!

अन् मंग एके दिवशी आली ती दुपार. टीव्हीत. गहू, सूप, उन्हात उभी असलेली मॅडम, सगळं! मी अच्युतकडे पाह्यलं. हातातली गाळणी तशीच धरून उभा होता, चहा तिकडे उतू गेला. टीव्हीतला अनंतही मान वर करत नाई. ती जाते. अन् मंग... मंग तो अनंत सूप फेकते! गहू उडते सगळा, तीनदा दाखवला उडताना! अन् पळते अनवाणी, स्टँडवर जाते, निघालेल्या बससमोर दोन्ही हात पसरून उभा राहते, अन् म्हणते, "मला तू हवी आहेस!" बसमधले लोकं टाळ्या वाजवतात. तुम्हीच सांगा, एस्टीतले लोकं टाळ्या वाजवतात का? उशीर होते म्हणून शिव्या देतात! पण आमच्या खोलीतही टाळ्या वाजल्या. रूपराव तं उभे झाले खुर्चीवरून, "अच्युतभाऊ! बस अडवली तुम्ही? अन् आम्हाले कधी बोलले नाई!"

अच्युत म्हणे, "मी नाई अडवली."

कोण ऐकते! "लाजून राह्यले, लाजून राह्यले!"

सगळे गेल्यावर मी थांबलो. यानं ऋग्वेदले फोन लावला, आवाज मोठा ठेवते तो फोनचा, मले ऐकू आलं. "ऋगू, तुले आठवते ते?" तिकडून मंग पोरगा म्हणे, "दादा, मी तिथेच होतो. गणित सोडवत होतो. तू काहीच बोलला नाई. मले वाटलं, ती गेल्यावर बोलशील. मंग वाटलं, दुसऱ्या दिवशी बोलशील. मी वीस वर्षं वाट पाह्यली दादा. शेवटी मीच बोलतं केलं तुले."

अच्युत म्हणे, "बरं."

पण तो "बरं" नेहमीचा नव्हता, तुम्हाले सांगतो. फोन ठेवला अन् उतू गेलेला चहा पुसत बसला.

आता टीव्हीत अनंतचं लग्न झालं, सुख आलं, गावाले वाटलं चला, गंगेत... नाई, ते जाऊ द्या. तर एके दिवशी ऋग्वेदचा फोन. "दादा, वाईट वाटून घेऊ नको. सोमवारी तू जाणार."

"कुठे?"

"म्हणजे... वारणार."

झालं काय होतं, तो खळीवाला नट दुसऱ्या सिरीयलमधे चालला होता. चॅनल म्हणे, मारा याले. ऋग्वेद भांडला, हातापाया पडला. ते म्हणे, तू नाई लिहीत तं दुसरा लिहीन. मंग हा म्हणे, दुसऱ्याच्या हातून नको, मीच लिहितो. अन् भावाले विचारून राह्यला, "कसं करू दादा? ट्रक नाई लिहिवत मले. पाण्यात टाकू का?" अन् आमचा अच्युत, स्वतःच्या मरणावर चर्चा करते कशी, जसं पडद्याचं कापड निवडून राह्यला! "पाण्यात नको रे ऋगू. धाम नदीले गुडघाभर पाणी असते, लोकं हसतील." "मंग हार्ट?" "हार्ट बरं. पण एक करजो. लहान्याचं शिक्षण पुरं होऊ दे आधी." "दादा, सोमवारी आहे! कसं पुरं करू?" "मंग राहू दे," म्हणे. "बरं."

सोमवारी वारला. अनंत. काय ती गर्दी, काय ते ढोलासारखं संगीत, तिन्ही भावंडं छातीवर पडून रडली, वीस मिनिटं पुरलं ते मरण! आमची खोली नुसती ओली झाली. वेदूचा पिपरीहून फोन, हुंदके देऊन राह्यली, "दादा, मले पाहवलं नाई रे!" अच्युत तिलेच समजावते, "नको रडू वेदू. मी आहे ना." "हो रे, पण तो गेला ना!" आता याले काय म्हणता? माणूस फोनवर बोलून राह्यला ना बाप्पा! त्याले विचार, जेवला का!

अन् मंगळवारी तो डबा. मंग रूपराव आले, हात जोडून पाच मिनिटं गप्प बसले, अन् जाताना म्हणे, "चांगला माणूस होता." कोणाले सांगता? त्यालेच! शाळेत पोरं फुलं घेऊन आली. मी चिडलो, मी म्हटलं, "अच्युत, अरे काही बोल! एकदा तरी ओरड लोकाइवर!" तं म्हणे, "प्रभाकरराव, खरंच गेलो असतो तं इतके आले नसते. येऊ द्या."

 मी घरी आलो. जेवण गेलं नाई त्या दिवशी.

आता रविवार. ऐका. दुपारचे बारा असन. मी अच्युतकडे पेपर वाचत बसलो होतो. फाटक वाजलं. एक बाई. केस अर्धे पांढरे, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी, घामानं चेहरा लाल. समुद्रपूरहून हिंगणघाट, हिंगणघाटहून वर्धा, वर्ध्याहून पवनार, तीन गाड्या बदलून आलेली. मी ओळखलं नाई. अच्युत उभा झाला. असा उभा झाला की मागची खुर्ची पडली.

"मॅडम," म्हणे.

ती दारातच उभी राह्यली, याले डोक्यापासून पायापर्यंत पाह्यलं. म्हणे, "चांगले आहात?"

"हो."

"मले माहीत होतं. टीव्हीत मेलं म्हणून माणूस मरत नाई, मी विज्ञान शिकवते. पण सोमवारपासून वर्गात दोनदा खडू पडला."

तुम्हाले सांगतो, मी तेव्हाच उठायले पाह्यजे होतं. दोघांचं बोलणं, माझं काय काम? पण नाई उठलो. खोटं काऊन बोलू? पेपर तोंडापुढे धरला अन् बसलो.

ती बसली. अच्युतनं पाणी दिलं. तिनं पेला तसाच मांडीवर धरला अन् म्हणे, "मले एकच गोष्ट सुचत होती. तुम्ही खरंच गेले असते, तं मले कोणी कळवलं असतं? कोणीच नाई. मी कोण लागते तुमची? इथे डबे येतील, लोकं येतील, अन् मी तिकडे दहावीले अपवर्तनाचे नियम शिकवत राहीन. महिन्यानं कळन, नाईतर कळणारच नाई. म्हणून आले. तुम्ही जिवंत आहात तोवर पाहून घ्यावं म्हटलं."

 मी पेपरामागून मनात म्हणून राह्यलो, बोल! बोल रे बाबा! "बरं" म्हणशीन तं याच पेपरानं मारतो तुले!

तीच म्हणे, "ते बसचं काय दाखवलं हो टीव्हीत? लाज वाटली मले. माझी आई म्हणे, 'लीना, तो तं आला होता तुझ्यासाठी!' कोण आलं होतं? त्या दिवशी हिंगणघाटची गाडी वर्धा स्टँडवर वीस मिनिटं उशिरा निघाली, कंडक्टर चहाले गेलता. वीस मिनिटं मी खिडकीतून पवनारच्या बाजूले पाहत होते. पाहून पाहून मान दुखली माझी."

अन् मंग अच्युत बोलला. खाली पाहतच बोलला. "आलतो मी."

"काय?"

"स्टँडवर आलतो. गहू थोडा राह्यला होता. तेवढा संपवला, सूप ठेवलं, मंग आलतो. ऋगू गणितात होता, त्याले नाई दिसलं. पण गाडी गेलती. फलाटावर तेलाचा डाग होता तिचा, ओला होता. मी तिथे बाकावर बसलो. संध्याकाळी घरी आलो."

 एकवीस वर्षं हो! एकवीस वर्षं या माणसानं हे कोणाले सांगितलं नाई! मले नाई, भावाले नाई, बहिणीले नाई! लहान्यानं त्याच्यासाठी अख्खी बस अडवली टीव्हीत, तरी सांगितलं नाई, "अरे, मी गेलतो!"

मॅडमचा आवाज फाटला. "आलते? अन् सांगितलं नाई? एक चिठ्ठी? लग्नाले दोन महिने होते माझ्या!"

"सांगून काय झालं असतं," म्हणे. "उशीर तं मलेच झालता."

"तुम्हाले तो गहू... तो गहू तसाच सोडता नाई आला?"

"पसरलेला होता," हा म्हणे. "चिमण्या खात होत्या."

अन् मॅडम हसली. म्हणजे आधी हसली, मंग चष्मा काढला, मंग पदरात तोंड घातलं अन् किती वेळ खांदे हलत होते, ते हसणं होतं का रडणं होतं, मले नाई सांगता येत. अच्युत नुसता उभा. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला अन् पडलेली खुर्ची उचलून ठेवली.

बऱ्याच वेळानं तिनं चष्मा पुसला. म्हणे, "आता काय निवडून राह्यले?"

"आता कायले निवडतो," म्हणे. "आता तयार पीठच आणतो."

"मंग वेळ आहे?"

"आहे."

तुम्हाले सांगतो, असं ठरलं ते! ना संगीत, ना वारा, ना पळापळ. "मंग वेळ आहे?" "आहे." मी पेपर खाली घेतला, तं दोघंही दचकले, मी बसलो आहे हे विसरले होते. मी समोर बसून होतो ना बाप्पा! पण तो राग मी सोडून दिला.

आता तुम्हाले वाटन, सगळे खूश झाले असतील. शोभाबाई झाली खूश, काही दिवस तिले समजेना की वारलेल्या माणसाचं लग्न कसं, पण झाली. पण वेदू! जी टीव्हीतल्या अनंतच्या लग्नात घरी बसून अक्षता टाकत होती ना, ती पिपरीहून धावत आली. "दादा, या वयात? पन्नाशीत? माझ्या सासरी काय सांगू? लोकं काय म्हणतील?" अच्युत ऐकून राह्यला. ती बोलत गेली, बोलत गेली, अन् बोलता बोलता जे खरं होतं ते तोंडातून निघालं. "मंग मी कोणाकडे येऊ रे? माझं माहेर म्हणजे तू! तू इथे एकटा बसलेला असतोस, मले माहीत असते, दादा आहे, वाट पाहून राह्यला... आता ते घर त्यांचं होईन! आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होती. पुन्हा नको रे दादा!"

बेचाळीस वर्षांची बाई, दोन लेकरांची माय, ओसरीवर बसून तेरा वर्षांच्या पोरीसारखी रडून राह्यली. मले राग आला होता, तो गेला.  ती खोटी नव्हती हो.

मले वाटलं, आता हा म्हणते "बरं." संपलं. आयुष्यभर तेच केलं यानं.

पण तो तिच्याजवळ बसला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. अन् हळू म्हणे, "वेदू, तुले माहेर पाह्यजे, ते आहे. कुठे नाई जात. पण मी एकटा बसलेला तुले बरा वाटते, काऊन गं?"

एवढंच. रागानं नाई बोलला. खरंच विचारलं, जसं एखादं न समजलेलं गणित विचारते. वेदूनं वर पाह्यलं. अन् मले वाटते, त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्या माणसाकडे पाह्यलं. केस गेलेले, हाताची कातडी ॲसिडनं सोललेली, बनियनले खांद्यापाशी गाठ मारलेली. किती वेळ पाहत होती. मंग उठून आत गेली, डबे उघडले स्वयंपाकघरातले, एकेक. परत आली तं आवाज गेला होता तिचा. म्हणे, "दादा, तू काय खातोस रे रोज?"

"खिचडी."

"कधीपासून?"

 मीच भिंतीपलीकडून... म्हणजे मी तिथेच होतो, मी म्हटलं, "तुझ्या लग्नापासून, पोरी."

नोटीस लागली वर्ध्याले, विवाह नोंदणीची. महिनाभर फळ्यावर. रूपराव दोनदा जाऊन वाचून आले, "खरंच आहे" म्हणे. साक्षीदार तीन लागतात, मी, वेदू अन् मुंबईहून आलेला ऋग्वेद. मी ऋग्वेदले बाजूले घेतलं, विचारलं, "काय रे, आता हे येईन का तुझ्या सिरीयलमधे?" तं हसला पोरगा, डोळे भरले होते त्याचे. म्हणे, "नाई काका. चॅनल म्हणन, दोन माणसं खुर्चीवर बसून पिठाविषयी बोलतात, यात घडते काय?"

अन् लग्न तसंच झालं. गुरुवार होता. ऑफिसात पंखा बंद. अच्युतनं नवा शर्ट घातलेला, घडीच्या रेषा तशाच. लीना मॅडमनं साधी निळी साडी. हार वेदूनं आणले होते, एक लहान झाला, एक मोठा. बाबूनं विचारलं, "नाव? वय? याआधी लग्न?" मॅडमनं सांगितलं. अच्युतले विचारलं, तं तो म्हणे "नाई," इतक्या हळू की बाबू म्हणे, "जोरानं बोला." सही करताना पेन चाललं नाई, माझं दिलं. ऋग्वेदनं फोटो काढला, त्यात माझं डोकं कापलं गेलं. मी घड्याळ पाह्यलं होतं. अकरा मिनिटं!

वेदूनं रडायची तयारी करून रुमाल हातात धरला होता. तो तसाच कोरडा राह्यला. माझ्याकडे पाहून म्हणे, "काका, एवढंच?"

मी काही बोलणार, तं बाबूनं शिक्का मारला, मान वर न करता कागद सरकवला, अन् म्हणे, "झालं. पुढचे कोण?"

अन् आम्ही उठलो हो! काय करता? मागे रांग होती.